चार लाख चाळीस हजार एक: एका पिनकोडाची वहीपेनाने चिरफाड

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा पिनकोड ४४०००१. पिनकोडाची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या पट्ट्याचा, ४४० मिळून नागपूर शहराची वर्गवारी, आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचे. म्हणजे हा आकडा टपालाच्या सोयीसाठी पडला, गणिताच्या सोयीसाठी नाही. सरावाला अशीच संख्या घ्यावी. पाठ्यपुस्तकातल्या संख्या उत्तर नीट यावं म्हणून निवडलेल्या असतात, ही तशी नाही.

एखाद्या संख्येचे गुणधर्म शोधायला बसलं की बहुतेक जण समोर येईल ते करून पाहतात: अंकांची बेरीज, उलटी संख्या, वर्ग, घन. अशाने वही भरते, पण हाती काही लागत नाही. गुणधर्म दोन जातींचे असतात. काही संख्येचे स्वतःचे असतात. ती दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा किंवा गारगोट्या मांडून दाखवा, ते बदलत नाहीत. काही मात्र केवळ आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. आधी पहिली जात संपवायची, मग दुसरीकडे वळायचं. पहिल्या जातीतही अवयव आधी, कारण बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप पडतं.

साहित्य: रेघांची वही, साधा आठ आकडी कॅल्क्युलेटर, २२१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी (त्या ४७ आहेत) आणि २२१ पर्यंतच्या वर्गांचा तक्ता. २२१ च का, ते लगेच कळेल.

पहिली पाहणी

४४०००१ = ४४०००० + १. आणि ४४०००० चे अवयव तोंडी निघतात: ४४ × १०००० म्हणजे २ सहा वेळा, ५ चार वेळा आणि ११ एकदा. म्हणून ४४०००१ ला २, ५ किंवा ११ ने भागलं तर बाकी १ च उरणार. तीन भाजक फुकटात बाद झाले. संख्येला लागून एखादी गोल संख्या असेल तर ही युक्ती सगळ्यात आधी करावी.

अंकांची बेरीज ४ + ४ + ० + ० + ० + १ = ९. म्हणून ९ ने नि:शेष भाग जातो: ४४०००१ ÷ ९ = ४८८८९. आता ४८८८९ ची अंकबेरीज ३७, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयव बरोबर दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही.

इथे हमखास होणारी चूक अशी की ९ काढल्यावरही माणूस मूळ संख्येवरच भागाकार करत बसतो. ४४०००१ चं वर्गमूळ ६६३ च्या थोडं पुढे आहे (६६३² = ४३९५६९, ६६४² = ४४०८९६), म्हणून ६६३ पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. ४८८८९ चं वर्गमूळ मात्र २२१ च्या किंचित पुढे (२२१² = ४८८४१). काम निम्म्याहून कमी झालं. अवयव सापडला की तो लगेच काढून टाकायचा आणि पुढचं सगळं उरलेल्या संख्येवर करायचं.

४८८८९ वर ४४ भागाकार

४७ मूळ संख्यांतून २, ३, ५ वगळल्या की ७ ते २११ अशा ४४ उरतात. एकीनेही भाग गेला नाही तर ४८८८९ मूळ. त्यापुढे पाहायची गरज नाही, कारण २२१ हून मोठा अवयव असेल तर त्याचा जोडीदार २२१ हून लहान असणार आणि तो आधीच सापडला असता.

सगळे भागाकार सरळसोट करायचे नाहीत. काही भाजक गटाने उडवता येतात.

१००१ = ७ × ११ × १३. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा: ८८९ − ४८ = ८४१. आता फक्त ८४१ ला भागायचं. ७ ने बाकी १, ११ ने ५, १३ ने ९. तिन्ही बाद.

९९९ = २७ × ३७. तेच गट, पण या वेळी बेरीज: ८८९ + ४८ = ९३७. ३७ ने बाकी १२.

१०१ साठी दोन-दोन अंकांचे गट: ८९ − ८८ + ४ = ५. बाकी ५.

१०००१ = ७३ × १३७, म्हणून चार अंकांचे गट: ८८८९ − ४ = ८८८५. ७३ ने बाकी ५२, १३७ ने ११७.

सात भाजक गेले, ३७ उरले. ते कॅल्क्युलेटरवर घ्या. पद्धत: भागाकार करा, पूर्णांक भाग वजा करा, उरलेला दशांश भाजकाने गुणा. उदाहरणार्थ ४८८८९ ÷ ११३ = ४३२.६४६०१…, ४३२ वजा करून ११३ ने गुणलं की ७३ च्या अगदी जवळचा आकडा येतो. आठ आकडी यंत्रावर तो ७२.९९९ सारखा दिसेल. घाबरू नका, पण ७२ ही लिहू नका. नेमका पूर्णांक हवा असेल तर ११३ × ४३२ = ४८८१६ करून वजाबाकी घ्या. हाच मार्ग अधिक भरवशाचा.

ताडून पाहायला सगळ्या बाक्या इथे देत आहोत. आधी भाजक, मग बाकी:

१७–१४, १९–२, २३–१४, २९–२४, ३१–२, ४१–१७, ४३–४१, ४७–९, ५३–२३, ५९–३७, ६१–२८, ६७–४६, ७१–४१, ७९–६७, ८३–२, ८९–२८, ९७–१.

१०३–६७, १०७–९७, १०९–५७, ११३–७३, १२७–१२१, १३१–२६, १३९–१००, १४९–१७, १५१–११६, १५७–६२, १६३–१५२, १६७–१२५, १७३–१०३, १७९–२२, १८१–१९, १९१–१८४, १९३–६०, १९७–३३, १९९–१३४, २११–१४८.

कुठेच शून्य नाही, म्हणून ४८८८९ मूळ आहे आणि ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९.

पण ४४ भागाकारांत एक चुकला तर? त्यासाठी दोन पडताळे आहेत. पहिला नवांचा. ४८८८९ ची अंकबेरीज ३७, ३७ ची १०, १० ची १. म्हणून भाजक × भागाकार + बाकी यांचीही अंकबेरीज शेवटी १ आली पाहिजे. ११३ चे ५, ४३२ चे ९, ७३ चे १: ५ × ९ + १ = ४६, ४६ चे १०, १० चा १. ठीक. मात्र अंकांची अदलाबदल या पडताळ्यात पकडली जात नाही. ४८८८९ ऐवजी ४८८९८ लिहिलं असेल तरी तो गप्प बसतो.

दुसरा पडताळा आम्हाला जास्त आवडतो. सारखी बाकी देणारे भाजक शोधा. १९, ३१ आणि ८३ या तिघांची बाकी २ आहे. म्हणजे ४८८८७ ला तिघांनीही भाग गेला पाहिजे, आणि १९ × ३१ × ८३ = ४८८८७ बरोबर येतं. ७ आणि ९७ ची बाकी १, म्हणून ४८८८८ = ७ × ९७ × ७२. १७ आणि २३ ची बाकी १४: १७ × २३ × १२५ = ४८८७५. ६१ आणि ८९ ची २८: ६१ × ८९ × ९ = ४८८६१. एका गुणाकारात दोन-तीन भागाकार तपासून होतात, आणि आपल्या संख्येचे शेजारी किती फुटणारे आहेत तेही दिसतं. मधली ४८८८९ तेवढी अभंग.

एक इशारा. दोन वर्गांच्या वजाबाकीने अवयव काढण्याची फर्माची पद्धत इथे वापरू नका. ६६४ पासून सुरुवात करून एकेक संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून ४४०००१ वजा करायचे आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघायचं, अशी ती पद्धत. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ती झटपट चालते. इथे सर्वांत जवळची जोडी ९ आणि ४८८८९ ही आहे, त्यामुळे यश येतं थेट २४४४९ वर (२४४४९² − २४४४०²). तोवर २३,७८६ वेळा वर्ग तपासून झालेले असतात.

अवयवांतून आपोआप पडणारं

विभाजक सहाच: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ४८८८९) = १३ × ४८८९० = ६३५५७०. त्यातून ४४०००१ वजा केले की १९५५६९ उरतात. हे संख्येपेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण संख्या (जिथे ही बेरीज नेमकी संख्येएवढी येते) होण्याच्या ती जवळपासही नाही.

४४०००१ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६ × ४८८८८ = २९३३२८. इथे ६ हा ९ चा वाटा (९ − ३) आणि ४८८८८ हा मूळ संख्येचा. यातली नेहमीची चूक म्हणजे ९ साठी २ × २ = ४ धरणं. ३ पुन्हा आला तर दुसऱ्यांदा ३ नेच गुणायचं असतं, २ ने नाही.

क्रमवार संख्यांची बेरीज म्हणून ही संख्या किती प्रकारे लिहिता येते? १ सोडून विषम विभाजक जितके, तितक्या प्रकारे. इथे पाच:

२२०००० + २२०००१;
१४६६६६ ते १४६६६८ या तीन संख्या;
७३३३१ ते ७३३३६ या सहा;
४८८८५ ते ४८८९३ या नऊ;
२४४३६ ते २४४५३ या अठरा.

प्रत्येक ओळीत सरासरी गुणिले संख्या केलं की उत्तर तपासता येतं. शेवटच्या ओळीत २४४४४.५ × १८. सातवीच्या वर्गाला हा तुकडा एकटाच पुरतो.

दोन वर्गांची बेरीज

या संख्येतला सगळ्यात सुंदर भाग आमच्या मते हा. एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकते का, हे अवयव सांगतात. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव (३, ७, ११, १९…) सम वेळा आला पाहिजे. आपल्याकडे ३ आहे, पण दोनदा, म्हणून चालतो. ४८८८९ ला ४ ने भागून बाकी १, तोही चालतो. म्हणजे उत्तर आहे. याउलट १४६६६७ = ३ × ४८८८९ घेतली तर कितीही शोधा, दोन वर्ग सापडणार नाहीत.

आता शोधायचं कसं. ४४०००१ वर नाही, ४८८८९ वर. मिळालेल्या दोन्ही संख्यांना शेवटी ३ ने गुणायचं. आंधळेपणाने ० ते २२१ सगळं तपासण्याआधी चाळण लावा.

चाळण एक: ४८८८९ ला १६ ने भागून बाकी ९. विषम संख्येच्या वर्गाला १६ ने भागलं तर बाकी १ किंवा ९, सम संख्येच्या वर्गाला ० किंवा ४. बेरीज ९ हवी, तर ९ + ० हा एकच मार्ग. म्हणून सम संख्या ४ च्या पटीतली, आणि विषम संख्या ८ ने भागून बाकी ३ किंवा ५ देणारी.

चाळण दोन: शेवटचा अंक ९. विषम वर्ग १, ५, ९ यांत संपतो, सम वर्ग ०, ४, ६ यांत. ९ + ० किंवा ५ + ४ एवढ्याच जोड्या बसतात. म्हणून एक तर सम संख्या ० ने संपते, नाहीतर विषम संख्या ५ ने.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की दोन छोट्या याद्या राहतात. पहिली, सम संख्या: ०, २०, ४०, … २२० अशा बारा. दुसरी, विषम संख्या: ५, ३५, ४५, ७५, ८५, ११५, १२५, १५५, १६५, १९५, २०५ अशा अकरा. प्रत्येकीचा वर्ग ४८८८९ मधून वजा करा आणि उरलेला आकडा वर्गांच्या तक्त्यात आहे का पाहा.

पहिल्या यादीत काहीच लागत नाही. ८० ला ४२४८९ उरतात आणि २०६² = ४२४३६; २२० ला ४८९ उरतात आणि २२² = ४८४. जवळ जाऊन हुकतं. दुसऱ्या यादीत ७५ वर: ४८८८९ − ५६२५ = ४३२६४ = २०८². सापडलं.

४८८८९ = ७५² + २०८², आणि तिनाने गुणून ४४०००१ = २२५² + ६२४². ताळा: ५०६२५ + ३८९३७६ = ४४०००१.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नका, यादी शेवटपर्यंत न्या. ८५ ते २०५ पर्यंत आणखी काही लागत नाही, म्हणजे ४८८८९ चं उत्तर एकच आहे, आणि ७५ व २०८ सहमूळ आहेत. ऑयलरने दाखवून दिलं आहे की १ हून मोठी विषम संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात अगदी एकाच प्रकारे लिहिता येत असेल आणि ते दोन आकडे सहमूळ असतील, तर ती संख्या मूळ असते. म्हणजे २३ वजाबाक्यांत ४८८८९ मूळ असल्याची दुसरी, पूर्ण स्वतंत्र सिद्धता मिळाली. ४४ भागाकारांशी तिचा काही संबंध नाही, आणि तरी निकाल एकच. यादीत ० ठेवायचा तो याचसाठी: २५ = ३² + ४² एवढंच पाहिलं तर २५ मूळ वाटेल, पण ०² + ५² हे दुसरं उत्तर तिला उघडं पाडतं.

या दोन आकड्यांतून काटकोन त्रिकोणही मिळतो. २०८² − ७५² = ३७६३९ आणि २ × ७५ × २०८ = ३१२००; या दोन बाजू आणि कर्ण ४८८८९. सगळ्यांना ९ ने गुणा: बाजू ३३८७५१ आणि २८०८००, कर्ण ४४०००१. हा पिनकोड कर्ण असलेला, तिन्ही बाजू पूर्णांक असलेला काटकोन त्रिकोण हा एवढाच. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर या बाजूंचे वर्ग मावत नाहीत, म्हणून ताळा ७५ आणि २०८ च्या पातळीवरच करा.

द्विमान रूप

सारखे निम्मे करत जा आणि विषम आला की १, सम आला की ० लिहा: ४४०००१, २२००००, ११००००, ५५०००, २७५००, १३७५०, ६८७५, ३४३७, १७१८, ८५९, ४२९, २१४, १०७, ५३, २६, १३, ६, ३, १. बाक्या खालून वर वाचल्या की ११०१०११०११०११००००००१… असं घाईत लिहिलं जातं, आणि इथेच शून्यं मोजताना चूक होते. बरोबर उत्तर ११०१०११०११०११०००००१: एकूण १९ अंक, १० एकं, ९ शून्यं, शेवटच्या १ आधी सलग पाच शून्यं. २७५०० नंतर १३७५० ही सम आहे आणि ६८७५ पासून विषम सुरू होतात, हे पाहिलं की पाच हा आकडा पक्का होतो.

यातले शेवटचे बारा अंक वेगळे काढले तर त्यांची किंमत येते १७२९. होय, रामानुजनची टॅक्सीवाली १७२९, दोन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या (१० आणि ९ चे घन, १२ आणि १ चे घन). ४४०००१ = ४०९६ × १०७ + १७२९. याला काही अर्थ नाही, निव्वळ योगायोग. तरी असा योगायोग सापडला की लिहून ठेवावा.

दहाच्या पद्धतीतले खेळ

आता दुसरी जात. यातलं बरंच काही आपल्याच मातीतलं. डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अंकांच्या या खेळांना शिस्त लावली.

हर्षद संख्या हे नाव त्यांनीच दिलं: आपल्या अंकबेरजेने भाग जाणारी. ४४०००१ ची अंकबेरीज ९, भाग जातो, म्हणून हर्षद. तिच्या आधीची ४४०००० सुद्धा हर्षद (८ ने भागून ५५०००). पुढे ४४०००४ आणि ४४०००६ याही, अनुक्रमे १२ आणि १४ ने. सीताबर्डीचा ४४००१२ मात्र नाही, कारण ११ ने बाकी १ उरते.

संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवत गेलं की साखळी तयार होते: ४४०००१ + ९ = ४४००१०. हा नागपूरच्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा पिनकोड. पुढे ४४००१९, मग ४४००३७, ४४००५५. आता उलट दिशेने: कोणत्या संख्येत तिची अंकबेरीज मिळवली की ४४०००१ येतात? अशी एकही संख्या नसेल तर ती स्वयंभू, कापरेकरांच्या भाषेत देवळाली संख्या. शोध सोपा करायला ९ ची मदत घ्या. शोधायच्या संख्येला आणि तिच्या अंकबेरजेला ९ ने भागून बाकी सारखीच उरते, आणि दोघांची बेरीज ९ च्या पटीत आहे. म्हणून ती संख्या स्वतः ९ च्या पटीत असणार. मग तपासायच्या त्या ४३९९९२, ४३९९८३, ४३९९७४, ४३९९६५, ४३९९५६ एवढ्याच. सगळ्यांची अंकबेरीज ३६, आणि ३६ चं अंतर बसतं ते फक्त ४३९९६५ ला. ४३९९६५ + ३६ = ४४०००१. म्हणजे जनक सापडला, देवळाली संख्या नाही.

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ चा: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या खालच्या खेळात शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. हाच खेळ सहा अंकांवर करा. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच.

४४१००० − ०००१४४ = ४४०८५६
८६५४४० − ०४४५६८ = ८२०८७२
८८७२२० − ०२२७८८ = ८६४४३२
८६४४३२ − २३४४६८ = ६२९९६४
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

इथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात वजाबाक्यांनी संख्या सात मुक्कामांच्या फेऱ्यात अडकली. चार अंकांसारखं एकच ठाणं सहा अंकांना नाही. स्थिर राहणाऱ्या संख्या दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि हा एक फेरा. आपला पिनकोड फेऱ्यात गेला.

चुका दोन ठिकाणी होतात. सुरुवातीचे शून्य गाळलं तर पुढच्या फेरीत पाचच अंक हाती राहतात. हे एक्सेलमध्ये केलं तर एक्सेल ते शून्य परस्पर खातं, म्हणून सहा रकाने वेगळे ठेवा किंवा मजकूर म्हणून साठवा. दुसरं, प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे; अंकबेरीज २७ किंवा ३६ आली नाही तर वजाबाकी पुन्हा करा. हातचे घेण्यातली जवळपास प्रत्येक चूक इथेच सापडते.

उलटी संख्या मिळवली तर ४४०००१ + १०००४४ = ५४००४५, पहिल्याच फटक्यात उलटसुलट सारखी. कारण साधं आहे: समोरासमोरच्या अंकांच्या बेरजेत कुठेच हातचा येत नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं तर ३३, १८, ६५, ६१, ३७, ५८, ८९ असं जाऊन चक्र लागतं, १ कधीच येत नाही. त्यात फारसा वेळ घालवू नका.

भावंडं

मधली शून्यं कमी-जास्त करा. ४४१ = ९ × ४९, म्हणजे २१ चा वर्ग. ४४०१ = ९ × ४८९, पण ४८९ = ३ × १६३, म्हणून ३ तीनदा. ४४००१ = ९ × ४८८९, आणि ४८८९ मूळ (तपासायला ६९ पर्यंतच जावं लागतं). मग आपली ४४०००१. तिच्यापुढची ४४००००१ भलतीच फुटते: ९ काढल्यावर ४८८८८९, त्यातून पुन्हा ९ निघतो आणि उरतात ५४३२१. त्याचे ३ × १९ × ९५३. म्हणजे ४४००००१ मध्ये ३ पाच वेळा, १९ आणि ९५३.

त्याच्या पुढची ४४०००००१ तुमच्यासाठी. ९ काढल्यावर ४८८८८८९, अंकबेरीज ५३, म्हणजे आणखी ३ नाही. १००१ च्या युक्तीने ८८९ − ८८८ + ४ = ५, म्हणून ७, ११, १३ तिन्ही बाद. वर्गमूळ २२११ च्या थोडं पुढे, त्यामुळे सरळ भागाकार तीनशेहून जास्त. त्याऐवजी वरच्या दोन्ही चाळण्या जशाच्या तशा लावा, कारण हिलाही १६ ने भागून बाकी ९ आणि शेवटचा अंक ९ आहे. सम यादीत ० ते २२०० पर्यंत २० च्या पटीतल्या १११ संख्या, विषम यादीत ५ आणि ३५ पासून ४०-४० ची उडी घेत २२०५ पर्यंत १११. एकच सहमूळ जोडी सापडली तर संख्या मूळ. एकापेक्षा जास्त सापडल्या किंवा एकही नाही सापडली तर संयुक्त. पण एकही न सापडल्यास अवयव कोणते ते ही पद्धत सांगत नाही, तेव्हा भागाकारांकडे परतावं लागतं.